खोल पाया घालताना: साईटवर पहिल्यांदा उभं राहणाऱ्या इंजिनिअरसाठी

पाईलचं, म्हणजे इमारतीचा भार खोल जमिनीत नेणाऱ्या काँक्रीटच्या खांबाचं, बोअर (भोक) पूर्ण झालं की मी रिगच्या, म्हणजे ते भोक पाडणाऱ्या यंत्राच्या, ऑपरेटरला थांबायला सांगते आणि टोकाला लोखंडी वजन बांधलेली टेप स्वतःच्या हाताने खाली सोडते. तीस-पस्तीस मीटर खाली, बेंटोनाइटच्या (बोअरच्या भिंती धरून ठेवणाऱ्या चिकणमातीच्या) करड्या पाण्यात, वजन तळाला टेकलेलं दिसत नाही. ते बोटांना कळतं. तळ खडकाचा आणि स्वच्छ असेल तर टेप एकदम ढिली पडते. वजन थोडं उचलून पुन्हा सोडलं की बोटाला टणक ठोका जाणवतो. तळाशी गाळ साचला असेल तर टेप सावकाश ढिली होत जाते, आणि वजन उचलताना चिखलातून पाय काढावा तसं जड लागतं. हा फरक पहिल्या दिवशी कळत नाही. दहा-बारा बोअर झाले की कळायला लागतो.

शहरातल्या उंच इमारतीच्या पायाबद्दल मला जे सांगायचं आहे, ते सगळं या टेपपाशी येऊन थांबतं. कॉलम वाकडा झाला तर दिसतो, स्लॅबला भेग पडली तर दिसते. पाईल मात्र एकदा भरली की तिचं तोंड कायमचं बंद होतं. त्या तासाला तुम्ही काय मोजलं आणि काय लिहून ठेवलं, तेवढंच नंतर हातात उरतं. बावीस वर्षं हे काम करते आहे. पुढच्या सूचना मी त्याच एका गोष्टीसाठी लिहिते आहे: काम डोळ्याआड जाण्याआधी त्याचा पुरावा कसा गोळा करायचा.

आधी जमीन नीट वाचा

माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की बहुतेक जण शेवटचं पान उघडतात, पाईलची क्षमता किती टन ते बघतात आणि अहवाल मिटतात. तुम्ही बोअरहोलच्या नोंदींपासून सुरुवात करा. कोअरच्या, म्हणजे ड्रिलने वर काढलेल्या खडकाच्या नमुन्यांच्या, पेट्या अजून ठेवलेल्या असतील तर त्या उघडून बघा. कागदावर ‘खडक’ असा एकच शब्द असतो. पेटीत मात्र हाताने चुरा होणारा मुरूम, वीतभर लांबीचे सलग तुकडे आणि मध्येच रिकामी राहिलेली जागा, असं सगळं दिसतं. ती रिकामी जागा सगळ्यात महत्त्वाची. तिथून काहीच वर आलं नाही, म्हणजे तिथे एक तर इतकं मऊ होतं की पाण्याबरोबर वाहून गेलं, किंवा पोकळी होती.

क्वालालंपूरच्या पेट्रोनास जुळ्या मनोऱ्यांचं उदाहरण मी नेहमी देते. तिथे तळाशी चुनखडीचा खडक आहे, त्यात पोकळ्या आहेत आणि त्याचा पृष्ठभाग तीव्र उताराचा आहे. सखोल तपासणीनंतर मनोऱ्यांची जागाच सुमारे 60 मीटर सरकवली गेली. पाया खडकावर न टेकवता वरच्या मातीशी होणाऱ्या घर्षणावर उभा केला, आणि त्यासाठी 100 मीटरहून खोल जाणारे आयताकृती पाईल वापरले. इतका मोठा निर्णय घेता आला, कारण जमिनीची माहिती बांधकाम सुरू होण्याआधी हातात होती. तीच माहिती अर्धं काम झाल्यावर मिळाली असती, तर असा पर्याय उरलाच नसता.

तपासताना तीन गोष्टी धरून बसा. पहिली, बोअरहोल किती खोल गेलं. ते पाईलच्या टोकाच्या बऱ्याच खाली जायला हवं, कारण इमारतीचं वजन टोकापाशी थांबत नाही, खालच्या थरांवरही पडतं. दुसरी, लागलेला खडक खरंच सलग खडक आहे का. मातीत अडकलेला मोठा धोंडा लागला तरी ड्रिल तसंच घरघरतं. खडकात निदान पाच मीटर आत गेल्याशिवाय मी तो खडक मानत नाही. तिसरी गोष्ट पाण्याची पातळी. ड्रिलिंग संपल्या संपल्या मोजलेली पातळी फसवी असते, कारण ड्रिलिंगचं स्वतःचं पाणी त्यात असतं. पायझोमीटर (जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजणारं उपकरण) बसवा आणि काही आठवडे वाचत राहा; पावसाळ्यातलं एखादं वाचन मिळालं तर फार बरं.

शहराच्या जमिनीत आणखी एक थर असतो, तो कुठल्याच भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात नसतो: माणसाने केलेला भराव. जुन्या इमारतीचे पाये, बुजवलेल्या विहिरी, टाक्या, कुणी तरी तशाच सोडून दिलेल्या पाईल. जुने नकाशे मिळतील तेवढे मिळवा आणि आधीच्या इमारतीत राहिलेल्या वयस्कर माणसांशी बोला. एका साईटवर विहीर नेमकी कुठे होती ते मला एका माळीकाकांनी पाय ठेवून दाखवलं होतं. ती कुठल्याच नकाशात नव्हती.

शेजारच्या भिंती आधी बघा

रिग यायच्या आधी शेजारच्या प्रत्येक इमारतीची पाहणी करा. जिने, पार्किंग, कंपाउंडची भिंत, जमलं तर घरांच्या आतूनही. प्रत्येक भेगेचा फोटो काढताना शेजारी पट्टी धरा, तारीख दिसू द्या, आणि भेगेवर क्रॅक गेज चिकटवा. ही पाहणी दोन्ही पक्षांच्या सहीने झाली पाहिजे.

एकदा शेजारच्या इमारतीतले एक निवृत्त शिक्षक पायलिंग सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. बैठकीच्या खोलीत भेग पडली म्हणून ते फार अस्वस्थ होते. मी म्हटलं, सर, चला, बघू या. दीड महिन्यापूर्वी त्यांच्याच घरात काढलेला फोटो बरोबर नेला. भेग तीच होती, 0.6 मिलिमीटरची, तेवढीच. पण तोपर्यंत त्यांनी तिच्याकडे कधी निरखून पाहिलं नव्हतं. रिगचा आवाज सुरू झाला आणि नजर भिंतीवर गेली. मी त्यांना गेज कसं वाचायचं ते दाखवलं. पुढे सात महिने ते दर सोमवारी वाचन लिहून ठेवत होते, आणि त्यांची वही आमच्या नोंदवहीइतकीच नेटकी होती. माणसांना आकडे दाखवले, तर ती आपल्या बाजूने उभी राहतात. ‘काही होत नाही हो’ म्हणून परत पाठवलं, तर ती तक्रार घेऊन जातात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. घर त्यांचं आहे.

या पाहणीचं मोल कळायला सॅन फ्रान्सिस्कोचा मिलेनियम टॉवर पुरे आहे. 58 मजल्यांची ती इमारत 2009 मध्ये खुली झाली. तिच्या पाईल तळखडकापर्यंत नेलेल्या नव्हत्या. 2016 पर्यंत इमारत सुमारे 40 सेंटिमीटर खचल्याचं आणि एका बाजूला कलल्याचं जगजाहीर झालं. मग पाया अपुरा होता, की शेजारच्या खोल खोदकामात उपसलेल्या पाण्यामुळे जमीन बसली, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. दुरुस्तीसाठी फुटपाथखालून खडकापर्यंत पाईल घालायचं ठरलं, आणि 2021 मध्ये ते काम सुरू असतानाच इमारत आणखी वेगाने कलू लागली. काम थांबवावं लागलं. आराखडा बदलून 52 ऐवजी 18 पाईल करण्यात आल्या. दुरुस्तीसाठी मारलेलं बोअरसुद्धा शेवटी बोअरच असतं, जमिनीला हलवणारं.

म्हणून आधारवाचनं, म्हणजे काम सुरू होण्याआधीची वाचनं, निदान तीन-चार आठवड्यांची हवीत. इमारती उन्हाने दिवसभरात थोड्या हलतात, जमिनीतलं पाणी आठवडाभरात वरखाली होतं. हे नेहमीचं हलणं किती, ते आधी माहीत असेल तरच कामामुळे झालेलं हलणं वेगळं ओळखता येतं.

जागा लहान, रिग मोठी

पायलिंगची मोठी रिग साठ ते शंभर टनांची असते, आणि हे वजन सतत एका ट्रॅकवरून दुसऱ्या ट्रॅकवर झुकत असतं. तिच्याखाली दगडगोट्यांचा, नीट दाबलेला भराव लागतो. भरलेल्या बोअरची तोंडं, काल बुजवलेले चाचणी खड्डे, मऊ कोपरे, हे सगळं चुन्याने आखून ठेवा. रिग उलटते ती बहुतेक वेळा अशाच विसरलेल्या खड्ड्यावर. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. पावसानंतर प्लॅटफॉर्म पुन्हा तपासल्याशिवाय रिग हलत नाही.

प्रत्येक पाईलच्या जागी आधी दीड-दोन मीटर हाताने खणून बघा. केबल शोधणारं यंत्र वापराच, पण प्लास्टिकचा गॅसचा पाईप त्यात दिसत नाही. कुदळीला पर्याय नाही.

अरुंद जागेचा खरा फटका बसतो तो सळयांच्या पिंजऱ्याला. मोकळ्या माळावर तीस मीटरचा पिंजरा एका दमात उचलता येतो. शहरात बारा मीटरचे तुकडे येतात, कारण त्याहून लांब ट्रेलर गल्लीत वळत नाही. मग तुकडे बोअरच्या तोंडावर, उभ्या अवस्थेत जोडावे लागतात. एका जोडाला पाऊण तास धरा. दोन जोड म्हणजे दीड तास, आणि तेवढ्या वेळात बेंटोनाइटमधली वाळू तळाला बसत राहते. म्हणून पिंजरा उतरल्यावर टेप पुन्हा टाका. गाळ वाढला असेल तर ट्रेमीतूनच, म्हणजे काँक्रीट तळापर्यंत नेणाऱ्या लांब पाईपमधूनच, पुन्हा फ्लशिंग करा, तळ द्रावणाने धुऊन काढा. बोअर संपलं तेव्हाचं मोजमाप रजिस्टरमध्ये लिहून पुढे जाणं ही मी पाहिलेली सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे. अशा पाईलच्या टोकाखाली गादी राहते, आणि वजन आलं की पाईल तेवढी खाली बसते.

बोअर उभं ठेवणं

बेंटोनाइटचं द्रावण भिंती कशा तोलून धरतं ते समजून घ्या, म्हणजे नियम पाठ करावे लागणार नाहीत. द्रावण पाण्यापेक्षा थोडं जड असतं. त्याची पातळी भूजलापेक्षा वर असली की ते मातीत शिरू बघतं, आणि शिरताना भिंतीवर स्वतःचाच पातळ लेप तयार करतं. दाब त्या लेपावर पडतो आणि भिंत उभी राहते. म्हणून द्रावणाची पातळी भूजलाच्या निदान मीटर-दीड मीटर वर हवी, क्षणभरही खाली जाता कामा नये. बकेट झपाट्याने वर ओढली की तिच्याखाली पिचकारीसारखं शोषण होतं आणि भिंत आत येते. ऑपरेटर घाईत असेल तर त्याच्याजवळ उभे राहा. ओरडू नका, फक्त उभे राहा. बकेटचा वेग आपोआप कमी होतो.

काँक्रीट ओतण्याआधी बोअरच्या तळातलं द्रावण काढून तपासा, वरच्या टाकीतलं नव्हे. घनता, मार्श कोन या ठरावीक मापाच्या नरसाळ्यातून वाहायला लागणारे सेकंद, वाळूचं प्रमाण. वाळू जास्त असेल तर ते द्रावण बदला. वापरून झालेलं द्रावण गटारात सोडू देऊ नका. ते पुढे जाऊन बसतं आणि अख्ख्या गल्लीचं पाणी तुंबवतं.

उभेपणाचा हिशेब एकदा कागदावर मांडा. 200 ला 1 असा कल म्हटलं की फार बारीक वाटतो, पण 40 मीटरवर तो 20 सेंटिमीटर होतो. सुट्या पाईलला हे चालून जातं. एकमेकींत गुंतलेल्या सिकंट पाईलच्या भिंतीत शेजारच्या दोन पाईल विरुद्ध दिशांना एवढ्या गेल्या, तर खाली 40 सेंटिमीटरचं अंतर पडतं, आणि वरचं गुंतणं 15-20 सेंटिमीटरचंच असेल तर भिंतीत फट राहते. ती फट खोदकाम तिथवर पोचतं तेव्हा पाणी येऊन दाखवते. म्हणून कल बोअर चालू असतानाच तपासा, पहिल्या पाच-दहा मीटरमध्ये. तिथे दुरुस्त करता येतो. तीस मीटरवर कळून उपयोग नाही.

ट्रेमी: माझी स्वतःची चूक

हा भाग मी सविस्तर लिहिते, कारण इथे मी चुकले आहे.

स्वतंत्रपणे सांभाळलेली ती माझी पहिली साईट होती. पाईल 1200 मिलिमीटर व्यासाची, 32 मीटर खोल. या व्यासाला दर मीटर खोलीमागे सुमारे 1.13 घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे सहा घनमीटरचा एक मिक्सर आला की पातळी साधारण 5.3 मीटर चढते. दोन मिक्सर ओतून झाले. काँक्रीटची पातळी वरून मोजली तर 21.4 मीटरवर यायला हवी होती. ट्रेमीचे तुकडे काढून तिचं टोक 24 मीटरवर आणलं होतं, म्हणजे टोक काँक्रीटमध्ये 2.6 मीटर बुडालेलं. इथवर सगळं ठीक होतं.

तिसरा मिक्सर रस्त्यात अडकला. अवजड वाहनांना बंदी असलेले तास सुरू झाले होते, आणि वेळापत्रक आखताना मी ते धरले नव्हते. गाडी आली एक तास पन्नास मिनिटांनी. पाईपमधलं काँक्रीट घट्ट होऊ लागलं होतं, हॉपर (पाईपवरचं नरसाळं) भरला तरी खाली सरकेना. फोरमन अनुभवी होता. तो म्हणाला, ‘मॅडम, एक तुकडा काढून पाईप जरा हलवतो, मग सुटेल.’ मी मान हलवली. टेप माझ्या हातात होती आणि मी ती टाकली नाही. तीन मीटरचा तुकडा निघाला, टोक 21 मीटरवर आलं, म्हणजे काँक्रीटच्या वर 40 सेंटिमीटर. पाईप हलवला आणि हॉपरमधलं काँक्रीट एकदम, काहीच अडथळा नसल्यासारखं, खळकन खाली गेलं. सगळ्यांना बरं वाटलं. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, ‘अडथळा दूर, काम सुरळीत.’

तो आवाज आज ऐकला तर माझ्या पोटात गोळा येईल. ट्रेमी बुडालेली असते तेव्हा काँक्रीट जड पावलांनी उतरतं, कारण त्याला खालचं काँक्रीट वर ढकलावं लागतं. खळकन जातं तेव्हा ते द्रावणात पडत असतं. खडी एकीकडे, सिमेंट एकीकडे, मध्ये बेंटोनाइट.

एकवीस दिवसांनी सोनिक चाचणी झाली. पिंजऱ्यात बसवलेल्या नळ्यांमधून ध्वनिलहरी पाठवतात आणि त्या पलीकडे किती वेळात पोचतात ते मोजतात. 21 मीटरच्या आसपास आलेख कोलमडला होता. खात्रीसाठी कोअर काढला. ड्रिलचा नळा उघडला तेव्हा त्यातून काँक्रीट निघालं नाही, ओला करडा लगदा निघाला, बोटाने दाबला तर बोट आत गेलं. ती पाईल बाद झाली. तिच्या दोन्ही बाजूंना दोन नव्या पाईल घालाव्या लागल्या आणि पाईल कॅपचं (पाईलची डोकी एकत्र बांधणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्याचं) डिझाइन बदललं. माझ्या वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला: पाईप उचलण्याआधी टेप टाकली होती का? मी खरं ते सांगितलं.

तेव्हापासून माझ्या साईटवर काही गोष्टी ठरलेल्या आहेत. तुकडा काढण्याआधी काँक्रीटची पातळी मोजायची, ती दोन वेगळ्या ठिकाणी, आणि टोक किती बुडलेलं राहील ते मोठ्याने म्हणायचं. दोन मीटरपेक्षा कमी भरत असेल तर पाईप हलत नाही. पहिला मिक्सर रिकामा व्हायच्या आधी दुसरा गेटवर हवा आणि तिसरा निघालेला हवा. वाहतूक बंदीचे तास भिंतीवर लावलेले. आणि काँक्रीटचं मिश्रण असं की ते निदान चार तास वाहतं राहील. खोल पाईलमध्ये ताकदीइतकंच हे महत्त्वाचं आहे.

प्रत्येक मिक्सरनंतर पातळी किती चढली याचा आलेख तिथेच काढा. अपेक्षा 5.3 मीटरची आणि चढली 4.5, तर बोअर कुठे तरी रुंद झालं आहे, किंवा काँक्रीट एखाद्या पोकळीत जातं आहे. त्याचा खर्च वाढतो, पण पाईल बहुधा ठीक असते. चढली 6.5, तर जास्त घाबरा: काँक्रीटची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली आहे. भिंत ढासळली असेल, पाईलची मान बारीक झाली असेल. हा आलेख रात्री ऑफिसात बसून काढला तर नुसता कागद. बोअरपाशी काढला तर पुढचा मिक्सर ओतायचा की थांबायचं ते सांगतो.

खोदकाम आणि पाणी

पाईल झाल्या की तळघरांसाठी खोदकाम सुरू होतं, आणि शहराला सगळ्यात मोठा धोका याच टप्प्यात असतो. पाईल बिघडली तर इमारतीचं नुकसान. खोदकाम बिघडलं तर शेजारच्या माणसांचं.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. भूजल एक मीटर उतरवलं की तिथल्या मातीवर दर चौरस मीटरला सुमारे एक टन भार वाढतो. शेजारची इमारत मऊ चिकणमातीवर उभी असेल आणि तुम्ही पाणी पाच मीटर उतरवलंत, तर तिच्या डोक्यावर कुणाला न सांगता जवळपास चार-पाच मजल्यांइतका भार चढवलात. म्हणून पाणी उपसण्याआधी ते अडवा: डायाफ्राम वॉल (जमिनीत ओतलेली सलग काँक्रीटची भिंत) किंवा सिकंट पाईलची भिंत पाणी न झिरपणाऱ्या थरात रुतवा, आणि बाहेरच्या पायझोमीटरवर नजर ठेवा. बाहेरची पातळी उतरू लागली तर पंप वाढवणं हा उपाय नाही. गळती शोधा, किंवा भिंतीबाहेर पाणी परत सोडा. उपसलेलं पाणी काचेच्या बरणीत धरून बघायची सवय लावा. गढूळ असेल, तळाला बारीक वाळू बसत असेल, तर जमीन पाण्याबरोबर वाहते आहे.

भिंतीच्या आतल्या बाजूचे स्ट्रट (आडवे टेकू) आणि भिंतीचा भार त्यांच्यापर्यंत पोचवणारे वेलर (भिंतीलगतच्या आडव्या तुळया) यांच्या जोडांकडे विशेष लक्ष द्या. सिंगापूरच्या निकोल हायवेजवळ 20 एप्रिल 2004 रोजी मेट्रोचं खोल खोदकाम कोसळलं आणि चार माणसं गेली. तिथे जोडांचं डिझाइन अपुरं होतं, आणि भिंत अपेक्षेपेक्षा जास्त वाकते आहे हे उपकरणं आधीपासून दाखवत होती. आकडे येत होते, काम चालू राहिलं. म्हणून इशाऱ्याच्या पातळ्या आधी ठरवा, आणि कुठल्या आकड्याला काम कोण थांबवणार त्या व्यक्तीचं नाव लिहा. ‘चर्चा करू’ असं लिहू नका.

कोलोनमध्ये 3 मार्च 2009 रोजी शहराच्या अभिलेखागाराची इमारत शेजारच्या भुयारी रेल्वेच्या खड्ड्यात कोसळली, दोघांचा मृत्यू झाला. तपासात पुढे आलेलं कारण असं: भिंतीचा एक भाग खणताना आड आलेला दगड काढलाच गेला नाही, तिथे भिंतीत कमकुवत जागा राहिली आणि पुढे त्या वाटेने माती-पाणी आत घुसलं. एक दगड, काही वर्षांपूर्वीची एक पाळी, आणि ‘इथे अडथळा आहे, थांबा’ असं न म्हटलेलं एक वाक्य. रिग कुठे अडकली, किती वेळ अडकली, कशी सुटली, हे तुमच्या रजिस्टरमध्ये दिसलं पाहिजे. सुरळीत पार पडलेल्या पाईलपेक्षा अडलेल्या पाईलची नोंद मोठी असायला हवी.

काढलेली माती कुठे ठेवता हेही बघा. शांघायमध्ये जून 2009 मध्ये तेरा मजल्यांची नवी इमारत आडवी झाली, जवळपास अखंडच. एका बाजूला तळघरासाठी साडेचार मीटरचा खड्डा, दुसऱ्या बाजूला सुमारे दहा मीटर उंच मातीचा ढीग. खालची माती बाजूला सरकली आणि पाईल मोडल्या. पाईल उभा भार झेलायला घातलेली असते. आडव्या ढकलण्यापुढे ती तग धरत नाही. ढीग खड्ड्याच्या कडेला नको, आणि ट्रक मिळत नाहीत हे कारण असू शकत नाही. ट्रक नसतील तर खोदकाम थांबवा.

चाचणी

भारचाचणीचा शहरातला प्रश्न आधी जागेचा असतो. पाईलचा भार 600 टन असेल आणि दुप्पट भाराने चाचणी करायची असेल तर 1200 टनांचे काँक्रीट ठोकळे रचावे लागतात, म्हणजे सुमारे 500 घनमीटर, एका पाईलच्या डोक्यावर. लहान भूखंडावर तो ढीग मावत नाही, आणि मावला तर त्याच्या वजनाने खालची मातीच दबते. अशा ठिकाणी जॉर्ज ऑस्टरबर्ग यांच्या पद्धतीचा विचार करा. पाईलच्या आतच, तळाजवळ, हायड्रॉलिक जॅक ठेवून तो फुगवतात. वरचा भाग वर ढकलला जातो, खालचा खाली, आणि दोन्ही एकमेकांना आधार देतात. ठोकळे लागत नाहीत. मात्र जॅकची जागा नीट निवडावी लागते. एक बाजू फार लवकर हरली तर दुसरीची पूर्ण ताकद कळत नाही.

पाईलच्या डोक्यावर हातोडीने ठोकून केलेली इंटिग्रिटी चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, म्हणून सगळ्या पाईलवर करा. पण फार लांब, सडपातळ पाईलमध्ये तळाचा प्रतिध्वनी परत येईपर्यंत विरून जातो, आणि तळाशी गाळ आहे की नाही हे तर ती सांगतच नाही. मोठ्या पाईलमध्ये सोनिक चाचणीच्या नळ्या पिंजरा बांधतानाच टाकून घ्या. काँक्रीट व्हायच्या आधी त्या पाण्याने भरा आणि झाकणं घट्ट लावा. एक खडा आत पडला की नळी निकामी.

पाईलचं डोकं

ट्रेमीने भरलेल्या पाईलचा सगळ्यात वरचा भाग नेहमी खराब असतो, कारण सुरुवातीपासून द्रावणाला भिडत वर आलेलं काँक्रीट तेच. म्हणून ठरलेल्या पातळीच्या वर मीटरभर जास्त ओततात आणि नंतर तोडतात. तोडणाऱ्यांना मोठा ब्रेकर आडवा मारू देऊ नका, त्याने खाली केसासारख्या भेगा जातात. शेवटची वीतभर छिन्नी-हातोडीने.

मग गुडघ्यावर बसा, डोक्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि लहान हातोडीने कडेपासून मध्यापर्यंत ठोकत जा. चांगलं काँक्रीट घंटेसारखं वाजतं. जिथे बद्द आवाज येतो तिथे खडूने गोल करा आणि आणखी खाली तोडायला सांगा, जितकं लागेल तितकं. खडी सगळीकडे सारखी दिसली, सळयांना काँक्रीट घट्ट धरून असलं, कडेला बेंटोनाइटची करडी रेघ उरली नाही, की पट्टी ठेवून फोटो काढा, पाईलचा क्रमांक फोटोत येऊ द्या. त्या पानावर ओतण्याच्या दिवशीचा आलेखही चिकटवा, आणि मगच पाईल कॅपच्या सळया बांधायला परवानगी द्या.